जबाबदारीनं वाढवलेली चिलापी

मनुष्य जन्माला येतो तो निर्भय. भीती त्याला पुढे लोक शिकवतात, असं अवसरी बुद्रुकच्या गेणभाऊंचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी दोन ग्रामसभांत, एका सत्यनारायणाला आणि एका दहाव्याला बोलून दाखवलं होतं. असे हे गेणभाऊ बुधवारी सकाळी अकरा वाजता मंचरच्या नव्या मार्टात कपडे धुण्याच्या पावडरीच्या रॅकमागे उकिडवे बसले होते, कारण समोरच्या फ्रीजमधून ते स्वतःच स्वतःकडे बघत होते.

फ्रीजमध्ये चिलापी माशाची पाकिटं रचली होती. प्रत्येक पाकिटावर गेणभाऊंचा फोटो होता. डोक्याला फेटा, हातात जाळं, चेहऱ्यावर समाधान. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जबाबदार शेतकरी, जबाबदार मासा.’

फोटो दिवाळीत काढला होता. मासे घेणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, चहा प्याला, फेटा त्यानंच आणला होता, तो बांधला आणि बावीस प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. गेणभाऊंनी बावीसच्या बावीस प्रश्नांना ‘होय’ म्हटलं. घरी येऊन चहा प्यालेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत त्यांच्या गावात नव्हती. ‘माशांना कोंबड्यांची किंवा जनावरांची औषधं देता का?’ या शेवटच्या प्रश्नाला मात्र ‘होय’ चालणार नव्हतं. ते त्या माणसानं खोडून स्वतःच ‘नाही’ केलं आणि दुसरा कप मागितला.

फोटो मुंबईला जाईल, असं गेणभाऊंना वाटलं होतं. मुंबईत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

“आण्णा, खाली काय शोधताय?”

मोहिनी ट्रॉली ढकलत आली. गेणभाऊंची ही धाकटी लेक मंचरातच दिलेली, आता सातवा महिना चालू. रविवारच्या डोहाळजेवणाचं सामान घ्यायला तिनं बापाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ट्रॉलीत खोबरं होतं, साजूक तूप होतं आणि वरती चिलापीची दोन पाकिटं होती. दोन्ही पाकिटांवरून गेणभाऊ समाधानानं हसत होते.

“हे कशाला घेतलं?” गेणभाऊ उठता उठता म्हणाले.

“कशाला म्हणजे? खायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मासा खा, पण कुठं वाढवलाय ते बघून घ्या. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, माझ्या बापानं वाढवलाय. आठवड्यातनं दोनदा खाते.”

गेणभाऊंनी रॅक धरला.

“कधीपासनं?”

“इथं यायला लागला तेव्हापासनं. दोन आठवडे झाले. तुम्हाला सांगणारच होते, पण म्हटलं प्रत्यक्ष दाखवू.”

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. या तालुक्यात ज्याला चार गुंठे जमीन आहे, त्याच्याकडे घरचा वाफा असतो. टोमॅटोचा एकरभर प्लॉट बाजाराचा, त्याला दर चार दिवसांनी फवारणी. विहिरीकडेचे दोन वाफे घरचे, त्यांना फक्त पाणी. यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. पाहुण्याला सुद्धा अभिमानानं सांगतात, हे घ्या, हे घरचं आहे. गेणभाऊंनी हाच नियम माशांना लावला. शेततळ्यातली चिलापी बाजाराची. जुन्या विहिरीत सोडलेले रोहू घरचे, त्यांना भाताशिवाय काही नाही. बाजार म्हणजे कोण, तर कुणी नाही. बाजाराला तोंड नसतं, पोट नसतं, आणि सातवा महिना तर नसतोच.

मागल्या महिन्यात शेततळ्यातल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे आले. शेजारच्या ज्ञानेश्वरच्या पोल्ट्रीतल्या गड्याकडून गेणभाऊंनी औषधाचा डबा आणला. डब्यावर कोंबडीचं चित्र होतं. किती टाकायचं हे कोंबडीच्या हिशोबानं लिहिलं होतं, म्हणून गेणभाऊंनी अंदाजानं टाकलं, आणि अंदाज त्यांचा नेहमी सढळ असे. चट्टे गेले. औषध दिल्यावर चाळीस दिवस मासा काढायचा नाही, असं कंपनीच्या वहीत छापलेलं होतं. नवव्या दिवशी कंपनीची गाडी दारात आली. ड्रायव्हरला पुढं आळेफाट्याला जायची घाई होती. गेणभाऊंनी वहीत ‘औषध : नाही’ असं लिहिलं आणि जाळं टाकलं.

ती गाडी सहा तारखेला आली होती. गेणभाऊंनी चष्मा लावला आणि ट्रॉलीतलं पाकीट उलटं केलं. पॅकिंग सात तारखेचं.

“ठेव हे माघारी,” ते म्हणाले.

“का?”

“आज चतुर्थी.”

मोहिनीनं मोबाईल काढला. “चतुर्थी शुक्रवारी आहे.”

“मग रोहू खा की. मी आणून दिलेला व्हता, विहिरीतला. घरचा मासा सोडून ह्ये प्लॅस्टिकातलं कशाला?”

“तो मी शेजारणीला दिला,” मोहिनी म्हणाली. “त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आण्णा. आता मला सगळं बघून खावं लागतं.”

गेणभाऊंनी पाकिटावरच्या आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका विश्वासू चेहरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या मनात आलं, न बोलता घरी जावं. लेक धडधाकट आहे, रंग चांगला आहे, दोन आठवड्यांत काही झालं नाही. मग मनात आलं, झालं नाही हे कुणी सांगितलं? आत काय चाललंय ते कुणाला दिसतं? शेततळ्यातले चट्टे तरी वरून दिसत होते. आणि एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर तो कोंबडीचा डबा आला, आणि त्यातून आपला हात, मूठ भरून, परत मूठ भरून. त्यांच्या पाठीवरून घाम ओघळला. मार्टात एसी होता.

“आण्णा, बरं वाटत नाही का? तोंड पांढरं पडलंय.”

“मोहिनी,” गेणभाऊ म्हणाले, “ती गाडी जायच्या आदी मी तळ्यात औषध टाकलं व्हतं.”

“कसलं औषध?”

“कोंबड्यांचं. ज्ञानेश्वरच्या पोल्ट्रीतलं.”

मोहिनी हसली नाही आणि ओरडलीही नाही. तिनं एक हात पोटावर ठेवला, आणि हे पाहून गेणभाऊंना जी भीती वाटली तिच्यापुढे आधीची भीती म्हणजे खेळ होता.

“मी खाल्लं त्यावर हीच तारीख होती,” ती म्हणाली. “चार वेळा.”

“मला काय ठाऊक तू खातीयास? मला वाटलं बाजारात जाईल.”

“हा बाजारच आहे, आण्णा.”

तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गेणभाऊ जवळ उभे राहून ऐकत होते, पण पलीकडचं काही कळत नव्हतं. मोहिनी नुसतं हो, हो म्हणत होती, आणि प्रत्येक ‘हो’ला गेणभाऊ एकेक देव आठवत होते. फोन ठेवून ती म्हणाली, “हा मासा खाणं आजपासून बंद करा म्हणाल्या. घाबरायचं बहुतेक कारण नाही, पण बहुतेक. तीन वाजता तपासायला बोलावलंय. औषधाचं नाव विचारतायत. आणि पाकिटाचा फोटो पाठवा म्हणाल्या.”

गेणभाऊंनी ज्ञानेश्वरला फोन करून नाव विचारलं. ज्ञानेश्वरनं आधी विचारलं, कोंबड्या कधी घेतल्या? तेवढ्यात मोहिनीनं पाकिटाचा फोटो काढून पाठवला. आपला फेट्यातला चेहरा आता दवाखान्यात पोचला, हे गेणभाऊंच्या लक्षात आलं.

“आणि बाकीच्यांचं काय?” मोहिनी म्हणाली.

“कोन बाकीचे?”

तिनं फ्रीजकडे बोट दाखवलं.

गेणभाऊ काउंटरवरच्या मुलीकडे गेले. तिच्या छातीवर ‘प्राची’ अशी पट्टी होती. ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, ती चिलापी इकू नका. खराब हाये.”

प्राचीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्रीजकडे. “पण तुम्हीच आहात ना त्याच्यावर?”

“म्हनून तर सांगतोय.”

“मॅनेजर बँकेत गेलेत, काका. त्यांच्याशिवाय मला माल काढता येत नाही. कुणी विकत घेतला तर मात्र मी अडवू शकत नाही.”

मग गेणभाऊंनी दुसरी ट्रॉली आणली. फ्रीजचं दार उघडून एकेक पाकीट ते उचलू लागले, आणि पाकिटागणिक तोच हसरा माणूस त्यांच्या हाताला लागत होता. बोटं बधिर झाली. तळाशी बर्फाला चिकटलेली दोन पाकिटं त्यांनी नखांनी उकरून काढली. मोहिनी बाजूला खुर्चीवर बसून घड्याळ पाहत होती. ती अजून बापाकडे बघत नव्हती. पण निदान हे एवढं आपण निस्तरलं, असं गेणभाऊंना वाटलं. गेल्या सोळा वर्षांत त्यांनी इतकं जबाबदार काम केलं नव्हतं. सगळा माल नेऊन बांधाला खोल खड्डा घ्यायचा, की संपलं. कुणाला आणखी काही सांगायची गरज नाही.

भरलेली ट्रॉली घेऊन ते रांगेत उभे राहिले. मागं एक बाई उभी होती, कडेवर दीड-दोन वर्षांची पोर. बाईनं ट्रॉलीत पाहिलं, गेणभाऊंकडे पाहिलं, पुन्हा ट्रॉलीत पाहिलं, आणि ओळख पटल्यावर तिनं आदरानं पदर सावरला.

“भाऊ, समदी तुमीच नेऊ नका,” ती म्हणाली. “एखादं पाकीट आमाला ठेवा की. हिला लई आवडतंय.”