बोटं कुठे ठेवली?

हात खाली पडला की सगळा हॉल "अरे बापरे!" म्हणायचा.

"दूध! शरीर ओरडून सांगतंय, नको म्हणून!" आहारगुरू गर्जत. घरून आणलेली, वर पदार्थाचं नाव लिहिलेली पत्र्याची बंद डबी एका हातात धरायची, दुसरा हात आडवा ताणायचा. तो आडवा हात गुरुजी दोन बोटांनी दाबत. पडला की डबीतला पदार्थ विष. मुलांची परीक्षा आईच्या हातावर. "लेकरू आईच्या हातातून बोलतं, ताई!"

माझ्या चार वर्षांच्या लेकीचं दूध बंद झालं, मग अंडी, मग पाव. उरली फक्त गुरुजी विकत ती भुकटी. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले, मी पिना लावत होते.

आधी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. त्यांनी मान वर न करता छापील तक्ता सरकवला. लेकीकडे बघितलंसुद्धा नाही. इथे निदान कुणी हात हातात घेत होतं. सासूबाईंना तेच भावलं.

मी मात्र बोटांवर नजर ठेवली. पदार्थ 'चांगला' असला की बोटं कोपराजवळ, 'वाईट' असला की मनगटावर. दार कडीपाशी एका बोटाने ढकललं जातं. बिजागरीपाशी ढकलून बघा, घाम फुटतो. एवढीच ती विद्या!

पुढच्या खेपेला 'दूध' लिहिलेल्या डबीत मी त्यांचीच भुकटी भरली. बोटं मनगटावर आली. हात पडला.

"विष!"

मी झाकण उघडलं. "गुरुजी, ही तर तुमची भुकटी."

सोबत आलेल्या शेजारणीच्या हातावर मी बोटांची करामतही करून दाखवली.

आहारगुरू गोड हसले. "ताई, मनात संशय असला की हात पडतोच."

"हिचा स्वभावच असला मेला," सासूबाई म्हणाल्या. लोक हसले. रांग पुढे सरकली; शेजारीणही तिच्यात होती.

घरी येऊन मी दूध गरम केलं. लेकीने पेला ओठांशी नेला आणि थांबली. मग दुसरा काडीसारखा हात तिने माझ्यापुढे आडवा ताणला.

"आई, आधी दाब ना."

समजावलं, रागावले, पाया पडायचंच बाकी राहिलं. ती पेल्याला तोंड लावेना. शेवटी मी बोटं कोपराजवळ ठेवली आणि हलकेच दाबली. हात पडला नाही. ती घटाघटा दूध प्यायली.

"बघ!" दारातून सासूबाई म्हणाल्या. "परीक्षा खरी निघाली की नाही?"

माझ्या घरात मी हरले. निदान तुम्ही तरी डबीवर नाव लिहू नका, आणि बोटांकडे बघा.