साठ किलो

‘चोर तो चोर, वर शिरजोर,’ असं पोलाद नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याखाली अर्ध्या तासात एकोणचाळीस अंगठे उमटले होते.

काटेवाल्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. बॅटऱ्यांच्या कारखान्यात, फाटकाजवळचा ट्रकचा वजनकाटा त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. तीन वर्षांपूर्वी काटा गेला, नाव तेवढं राहिलं. शेअरवाल्यांच्या या चर्चापानावर मात्र ते ‘तोल’ या टोपणनावानं लिहीत, आणि पोलादनं हे त्यांनाच उद्देशून लिहिलं होतं.

“पुन्हा तुमची भांडणं सुरू?” ताईनं शिलाई मशीन थांबवून विचारलं. ही त्यांची थोरली बहीण. दोन खोल्यांत दोघंच राहत.

“आमच्या कंपनीच्या शेअरवरून दोन तट पडलेत. एक म्हणतो कंपनी सोन्याची, दुसरा म्हणतो आतून पोकळ. पोकळ म्हणणारे शॉर्ट करतात.”

“ते काय असतं?”

“उसना शेअर आणायचा, आज विकायचा. भाव पडला की स्वस्तात घेऊन ज्याचा त्याला परत करायचा. मधला फरक आपला.”

“म्हणजे शेजारणीची शिडी मागून आणायची, विकून टाकायची, आणि शिड्या स्वस्त व्हाव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसायचं!”

“अगदी तसंच.”

“मग तू कुणाची शिडी विकलीस?”

“कुणाचीच नाही. मला एकच शब्द मागे घेतलेला बघायचाय.”

ताईनं कुठला शब्द ते विचारलं नाही. तो शब्द तिनं जिन्यात, दुकानात, चुलतभावाच्या घरी जेवताना ऐकला होता.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी एक दिवस एक रिकामा ट्रक काट्यावर आला. ड्रायव्हर खाली उतरून चहाला गेला, काटेवाल्यांनी वजन घेतलं, तो परतल्यावर ट्रक माल भरायला आत गेला. तासाभरानं बाहेर पडताना पुन्हा काट्यावर आला, तेव्हा ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला होता. कागदांवर नऊ टन बॅटऱ्या लिहिल्या होत्या. काट्यावर आधीच्यापेक्षा फक्त साठ किलो जास्त दिसले.

खरं तर कुणालाही कळायचं राहिलं नसतं. पण कागदांवर मॅनेजरसाहेबांची सही होती, आणि बावीस वर्षांत काटेवाल्यांनी साहेबाच्या सहीवर कधी शंका घेतली नव्हती. ते धावत मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, काटा बिघडलाय.”

मॅनेजरनं वजनाची चिठ्ठी हातात घेऊन वाचली. मग शांतपणे म्हणाला, “काटा ठीक आहे. माल कुठे विकलात?”

संध्याकाळपर्यंत राजीनाम्यावर सही घेतली होती. पोलिसांत देत नाही हे उपकार समजा, असंही वर ऐकवलं. चिठ्ठीची कार्बन प्रत काटेवाल्यांच्या खिशात राहून गेली होती. ती त्यांनी तीन वर्षं जपली, काटा बिघडला होता याचा पुरावा म्हणून! आपल्या या अकलेचा त्यांना आता इतका राग येई की एकटे असताना ते स्वतःला मोठ्यानं शिव्या देत.

डोळे उघडले ते या चर्चापानावर. कंपनीचे ट्रक रिकामेच फिरतात आणि विक्री फक्त कागदावर होते, असं एका शॉर्टवाल्यानं लिहिलं आणि काटेवाले खुर्चीतून उठून उभेच राहिले. नोकरीत असताना रोज सकाळी काटा तपासायला ते स्वतः त्यावर उभे राहत आणि काटा साठ दाखवी. ड्रायव्हर त्यांच्याच अंगाचा होता. ट्रकमध्ये त्याच्याशिवाय काहीच नव्हतं.

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. कंपनीच्या बाजूनं सगळ्यात जास्त विष ओकणारा पोलाद कोण असावा, याचाही त्यांना अंदाज होता. तो प्रत्येक मजकूर ‘सुज्ञास सांगणे न लगे’ असा संपवी, आणि मॅनेजरची फाटकावरची प्रत्येक सूचना तशीच संपत असे. शॉर्टवाल्यांपैकी एकानं खासगीत पैसे देऊ केले होते, तोंडाला येईल तो आकडा. काटेवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. त्यांना मॅनेजर हवा होता, तोही त्याच्याच तोंडानं अडकलेला.

त्यांनी सावकाश टाइप केलं: ‘माझ्याकडे एका ट्रकची वजनाची चिठ्ठी आहे. कागदावर नऊ टन होते, काट्यावर वेगळंच वजन आलं. आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही. पोलादसाहेब, तुम्ही कारखाना फोटोत तरी पाहिलाय का? काट्यातलं तुम्हाला काय कळणार?’

“अरे, कशाला डिवचतोस?” ताई म्हणाली.

“तो शांत बसला तर मी हरलो. पण तो नाही बसायचा. कुणी कमी लेखलेलं त्याला सोसत नाही.”

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘मला शिकवतोस? नऊ टन माल तू आतल्या आत विकलास आणि चिठ्ठीवर साठ किलो आले! मी दया केली म्हणून तुरुंगात गेला नाहीस. सुज्ञास सांगणे न लगे.’

काटेवाल्यांनी चिठ्ठीचा फोटो टाकला. खाली लिहिलं: ‘पोलादसाहेब, साठ हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला? ही चिठ्ठी मी आणि मॅनेजरनं, दोघांनीच पाहिली होती. चिठ्ठी खरी आहे, हे तुम्हीच कबूल केलंत. ते साठ किलो ड्रायव्हरचे.’

मग पानावर जो धुरळा उडाला तो ते डोळे भरून बघत बसले. ‘नऊ टन माल फाटकाच्या आत विकला? कुणाला, कारखान्यातल्या मांजराला?’ असं कुणीतरी विचारलं. पोलादचे मजकूर एकेक करून गायब होऊ लागले, पण लोकांनी त्यांचे फोटो आधीच काढून ठेवले होते. काटेवाले मांडीवर थाप मारून हसले. इतकं हसणं आपल्यात शिल्लक आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आठवड्यात भाव निम्म्यावर आला, महिन्यानं तपासणीवाले आले, मॅनेजरला पोलिसांच्या गाडीत चढवलं. ती गाडी बघायला काटेवाले मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

शब्द मात्र कुणी मागे घेतला नाही. त्यांना चोर म्हणणारे एकोणचाळीस जण नावं बदलून दुसऱ्या कुठल्याशा शेअरवर भांडत होते.

चार महिन्यांनी ते फाटकावर गेले. कारखाना बंद होता. जुना वॉचमन एकटाच स्टुलावर बसला होता.

“या काटेवाले. झालं समाधान?”

“झालं,” ते म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

“माझेही शेअर होते, पगारातून कापलेले. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवले होते.” वॉचमननं हे सहज सांगितलं, पण त्यांच्याकडे न बघता. “ते जाऊ दे. काम काय काढलंत?”

काटेवाल्यांनी फाटकातून आत डोकावलं. “काटा आहे ना अजून?”

“उद्या भंगारवाला नेतोय.”

“एकदा चालू करा.”

वॉचमननं बटण दाबलं. काट्याच्या पत्र्यावर धूळ साठली होती. काटेवाल्यांनी खिशातला रुमाल काढला आणि बावीस वर्षं पुसत तसा कडेकडेनं पत्रा पुसला. मग चपला बाहेर काढून ते मधोमध उभे राहिले.

केबिनच्या खिडकीतून वॉचमननं आकडा वाचला. “साठ.”

“बरोबर आहे,” काटेवाले म्हणाले. “तेव्हाही बरोबरच होता. मीच त्याला खोटं पाडलं.”

काटेवाले खाली उतरले नाहीत. ऊन पत्र्यावर चढत होतं, अनवाणी पाय भाजत होते, तरी ते तसेच हात जोडून उभे राहिले.