चौकोनात न मावलेला दिवस

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत धरता ना, त्याच जातीचा मी एक जुना पॅड आहे. पांढरकवड्याच्या दुकानातून उज्ज्वलाने मला घेतले. माझ्यावर पेपर लिहून ती बी.ए. झाली. मग तिला वेगळेच काम मिळाले. कोणत्या समाजातली माणसे आपला दिवस कशात घालवतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेसाठी ती माहिती गोळा करू लागली. कापूसवाल्यांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे, झरी जामणीकडचे कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे, सगळीकडे मी तिच्यासोबत हिंडलो. माझ्या चापात एक कागद असे. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन छापलेले असत.

एका तांड्यावर रामलालने आपला दिवस सांगितला. बायकोची, जमनीबाईची, पाळी आली तेव्हाही तोच बोलला, "ते तं घरीच राह्यते. काम नाही, लिहून टाका."

जमनीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. उज्ज्वलाही तांड्याचीच लेक. तिचा पेन माझ्यावर थांबला.

"याडी," तिने आपल्या बोलीत आई म्हणून हाक मारली, "उद्या दिवसभर तुमच्यासंगं बसू काय?"

"बस ना पोरी! पन रिकामी नको बसू. तुरीच्या शेंगा सोल."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारपासून माझ्यावर लिहिणे सुरू झाले. पाणी, भाकरी, शेळ्या, कापूस वेचणे, सरपण, पुन्हा चूल. रात्री नऊपर्यंत एकही चौकोन रिकामा राहिला नाही.

संस्थेचे भीमराज सर मात्र चिडले. "एका फॉर्मला पंधरा मिनिटं लागतात. तू दिवस घालवला! असंच करायचं असेल तर घरी बस."

उज्ज्वला घाबरली होती. तिच्या बोटांचा घाम मला लागत होता. तरी ती म्हणाली, "सर, एकडाव तुमीच येऊन बसा."

सर खरेच आले. त्यांनी मला मांडीवर घेतले. समोर जमनीबाई शेंगा सोलत होती, पायाने नातवाचा पाळणा हलवत होती आणि चुलीवरच्या वरणाकडेही बघत होती. सरांचा पेन अडला.

"एका चौकोनात तीन कामं कशी लिहू?"

"तुमीच सांगा," उज्ज्वला म्हणाली.

संध्याकाळी सरांनी तो कागद मोठ्याने वाचला. रामलाल ऐकतच राहिला. "मले मालूमच नव्हतं," तो पुटपुटला.

"तुमी इचारलंच कधी?" जमनीबाई म्हणाली.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात नवे फॉर्म छापून आले. एकेका चौकोनात तीन ओळी होत्या. वर ठळक सूचना होती, 'ज्याचा दिवस, त्यालाच विचारा.' जमनीबाईच्या दिवसाचा तो पहिला कागद माझ्या पाठीवर लिहिला गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता सारे टॅबवर भरतात. मी कपाटावर पडून आहे, चापाला गंज चढलाय. तुमच्या घरीही असा एखादा पॅड असेल. त्यावरची धूळ पुसा, कोरा कागद लावा आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या कोणाजवळ तरी पहाटेपासून बसा. लिहिता लिहिता हात दुखेल. दुखू द्या.