मापाचा ठोकळा

"पाणी गेलं, रुपराव! वर येऊनच नाही राहिलं!"

मशीनवरचा जोडीदार नत्थूजी ओरडला तेव्हा रुपरावांची पाळी संपायची होती. पण बूट बदलून झाले होते, पिशवी खांद्याला लागली होती आणि मनाने ते नागपूरच्या छोट्या गाडीत खिडकीशी बसलेही होते. ड्रिलिंग मशीन एकदा गुरगुरले आणि गप्प झाले. भोकात सोडलेले पाणी गाळ घेऊन वर यायचे, ते खाली कुठल्यातरी फटीत पळाले होते. लोखंडी रॉड, टोकाच्या दगड कापणाऱ्या हिऱ्याच्या बिटीसकट, दगडाने दातात धरले होते.

"तुम्ही जा गा," नत्थूजी म्हणाला. "उद्या पोरीचं साक्षगंध आहे तुमच्या. मी पाहतो."

"पाळी कोणाची चालू होती?"

"तुमचीच. पण..."

"मंग?"

ड्रिलिंगच्या कॅम्पवर एक रीत होती. सरकारी नियमात ती नव्हती, म्हणून सगळे पाळत. ज्याच्या पाळीत रॉड अडकले, त्यानेच ते सोडवायचे. दुसऱ्याच्या गळ्यात घालून निघून गेलेल्याला तोंडावर कोणी काही म्हणत नसे. फक्त पुढे जेवताना त्याच्या शेजारी बसायला कोणाला जागा पुरत नसे.

रुपरावांनी पिशवी खाली ठेवली. आपण फार मोठा त्याग करतो आहोत असे त्यांना वाटले, ते त्यांच्या जमेला धरू. पण दुसऱ्या बाजूलाही काही मांडायला हवे. त्यांना थोडे हायसेही वाटले होते. अडकलेल्या रॉडचे काय करायचे ते त्यांना ठाऊक होते. व्याह्याशी काय बोलायचे ते नव्हते.

भिवापूरच्या पलीकडच्या त्या माळावर सरकार तांबे शोधत होते. तांब्याच्या पदराला चिमूटभर सोने असेल, असा साहेबांचा अंदाज होता. रुपरावांनी उभे आयुष्य असल्या अंदाजांना भोके पाडण्यात घालवले होते. आजवर त्यांच्या एकाही भोकावर खाण उभी राहिली नव्हती. इकडे नागपुरात, लालगंजातल्या घरी मात्र भिंतीला खिळा ठोकायचा झाला तर सुभद्रा शेजारच्या पार्वतीबाईंच्या नवऱ्याला हाक मारी.

त्याच भिंतीवर एक लाकडी पेटी होती. भोकातून दगडाची कांडी वर आली की ती अशा लांब खणांच्या पेटीत ओळीने मांडतात. मधला एखादा तुकडा खालीच भुगा होऊन गेला, तर त्याच्या जागी तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा ठेवतात, नाहीतर पुढचे दगड घसरून भलत्याच जागी येतात. कॅम्पवर मोडीत निघालेली एक पेटी रुपरावांनी घरी आणली होती. एका खणात सुभद्रेची फणी-करंडा, एकात नीलाच्या रिबिनी, एक रुपरावांचा. तो रिकामाच राही. लहानपणी एकदा नीलाने बापाकडून ठोकळ्याची गोष्ट ऐकली आणि त्या खणात ठोकळा बसवून वर कोळशाने लिहिले, ‘बाबा’. सगळे हसले होते. सगळ्यात जास्त रुपराव. तेव्हापासून ते आले की ठोकळा निघे, त्यांचा वस्तरा आणि चुन्याची डबी आत जाई. निघाले की ठोकळा परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉड सुटले. छोटी गाडी केव्हाच गेली होती. रुपराव मिरच्यांच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून निघाले आणि लालगंजात पोचले तेव्हा साखरपुड्याची पूजा सुरू झाली होती.

मुलीच्या आईबापांनी जोडीने बसायचे. बाप नाही म्हटल्यावर एकटी आई पाटावर बसत नाही. म्हणून सुभद्रेचा भाऊ मनोहरराव आणि त्याची बायको बसले होते. सुभद्रा नवे लुगडे नेसून मागे भिंतीशी उभी होती, पाहुण्यांतल्या एखादीसारखी.

दाराशी सटासट शिंका ऐकू आल्या. रुपरावांच्या अंगावरची मिरची त्यांच्याआधीच घरात शिरली होती.

"या भाऊजी, या!" मनोहररावांनी गुडघ्यावर हात टेकला. "मी उठतो. गुरुजी, थांबा जरासे. पोरीचे बाबा आले."

सगळे वळून पाहू लागले. सुभद्रेने पाटाकडे अर्धे पाऊल टाकले.

"बसा, बसा!" रुपराव घाईने म्हणाले. "मधातून उठू नका."

सुभद्रेने ते अर्धे पाऊल मागे घेतले.

गुरुजींनी अक्षता उचलल्या. बसलेला ठोकळा मधेच काढला तर पुढचे सगळे घसरते, हे रुपरावांच्या हाडात मुरलेले होते. आपण समजूतदारपणा दाखवला असेच त्यांना वाटत होते. मग त्यांची नजर भिंतीकडे, पेटीखाली उभ्या सुभद्रेकडे गेली, आणि ते वाटणे ओसरले.

जेवताना मुलाचे वडील वामनराव त्यांच्याकडे वळले. "मंग इवाई, लागलं का तांबं?"

"लागून राहिलं जी. थोडं थोडं."

"अन् सोनं?"

"ते साहेब लोकं पाहतात. आमच्या हाती दगडच येते."

"तुमचं सोनं तं आम्हीच घेऊन चाललो!" वामनराव म्हणाले. पंगत हसली. रुपरावांनीही हसून घेतले आणि पोळीचा तुकडा उगाच वरणात बुडवत राहिले.

पहाटे पहिली छोटी गाडी. लाईट गेली होती. सुभद्रेने कंदील लावून भाकरी बांधून दिली. नीला आत झोपली होती.

"काल काहून नाही बसले तुम्ही?" सुभद्रेने विचारले.

"मनोहरराव बसले होते ना."

"तो तं उठून राहिला होता."

"मले वाटलं, मधातून उठवलं तं बिघडते."

"बिघडलं असतं तं बिघडलं असतं. मी उभीच होती ना."

रुपरावांनी पिशवीचा बंद पुन्हा बांधला. "लग्नाले येतो. आधीपासून."

"हाव. रॉडाले सांगून ठेवजा."

पेटीतून वस्तरा आणि डबी काढता काढता ते म्हणाले, "नीलाच्या खणाले एक ठोकळा करून आणतो. पुऱ्या मापाचा."

"आणा. अन् मंग माह्या एका फणीसाठी येवढी पेटी कशाले ठेवाची भिंतीवर?"

सवयीने त्यांचा हात खाली ठेवलेल्या ठोकळ्याकडे गेला, सवयीनेच त्यांनी तो खणात दाबला. लाकूड फुगले होते की काय, तो तिरका शिरला आणि घट्ट बसला. त्यांनी नखांनी ओढून पाहिला. हलेना.

"राहू द्या," सुभद्रा म्हणाली. "गाडी जाईन तुमची."

रुपरावांनी पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. वस्तरा उघडला, त्याचे बोथट टोक फटीत घातले आणि लाकूड दुखू नये अशा बेताने एकेका बाजूने ठोकळा उचकटू लागले.

इतवारी स्टेशनाकडून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली. सुभद्रेने कंदील थोडा जवळ आणला.