चौकटीमागचे चार इंच

एका काळ्या वर्तुळापायी दौलत घाडीगावकरांचा सबंध शनिवार नासला.

दादर पूर्वेला, औषधांच्या एका दुकानावरच्या माळ्यावर, संगणकावर चित्ररचना शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग भरत असे. शिकवणारी लतिका सव्वीस वर्षांची होती, आणि शिकणाऱ्यांपैकी दोघे सोडले तर बाकी सगळे तिच्याहूनही लहान होते. ते दोघे म्हणजे दौलत आणि त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र मॅथ्यू डिमेलो. दौलत यांत्रिक आरेखनाची पदविका घेतलेले. गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी चक्राच्या दातापासून बॉयलरच्या झडपेपर्यंत हजारो नकाशे काढले होते. मॅथ्यू त्याच गिरणीत टाइमकीपर, म्हणजे रेघांशी त्याचा संबंध हजेरीपटापुरता. वर्गाला जायचं ठरवलं ते दौलतनी. तरण्या पोरांत एकट्याने बसायचा संकोच वाटला म्हणून त्यांनी मॅथ्यूला ओढून आणलं. ही गोष्ट पुढे ते स्वतःला दिवसातून एकदा तरी बजावत.

पहिल्या धड्यात लतिकाने सांगितलं, "चौकोनात फक्त एक काळं वर्तुळ ठेवायचं. बाकी काही नाही. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ते आता पडणार."

दौलतनी चौकोनाचे दोन्ही अक्ष आखले, मध्य काढला, तिथून बरोबर एक तृतीयांश खाली वर्तुळ बसवलं. माप दशांशापर्यंत अचूक होतं. वर्तुळ मात्र जेवून पडलेल्या माणसासारखं स्वस्थ होतं. शेजारी मॅथ्यूने काहीही न मोजता आपलं वर्तुळ उजव्या वरच्या कोपऱ्याला जेमतेम टेकवलं आणि हात मागे घेतला.

"बापरे!" मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "काका, ते पडेल ना आता!"

लतिकाने मॅथ्यूचा चौकोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला आणि दहा मिनिटं त्यावर बोलली. दौलतच्या चौकोनाबद्दल ती एवढंच म्हणाली, "छान. नीटनेटकं आहे."

नीटनेटकं! हा शब्द दौलतना घरापर्यंत टोचत राहिला.

दौलत या वर्गाला हौसेखातर आले नव्हते. काळाचौकीतल्या त्यांच्या गल्लीत कबड्डीचं एक जुनं मंडळ होतं. त्याच्या वार्षिक स्पर्धेचा फलक तेहतीस वर्षं दौलतच्या हातचा असे. अक्षरं आखून, रंगवून, कोरून काढलेली. गेली तीन वर्षं मात्र फलक संगणकावर होऊ लागला आणि दौलतना कोणी विचारेनासं झालं. यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष होतं. यंदाचा फलक आपलाच असला पाहिजे, एवढ्यासाठी त्यांनी माउस हातात धरला होता.

आणि आठवड्यामागून आठवडा मॅथ्यू पुढे सरकत होता. लतिका मोकळ्या जागेबद्दल बोलली, की मॅथ्यूचं पान मोकळं होई. ती विरोधाबद्दल बोलली, की तो एक अक्षर राक्षसाएवढं आणि बाकीची मुंगीएवढी करी. दौलत वहीत सगळं उतरवून घेत, क्रमांक घालत आणि पुन्हा जिथल्या तिथे राहत.

पाचव्या आठवड्यात तर हसंच झालं. लतिकाने बजावलं होतं की आखणीसाठी संगणकातल्या मार्गदर्शक रेघा ओढा, त्या पडद्यावर दिसतात पण छापल्या जात नाहीत. जी रेघ छापलीच जात नाही तिच्यावर भरवसा ठेवायला दौलत तयार नव्हते. ड्रॉइंग ऑफिसात ते कठीण शिशाच्या पेन्सिलने अगदी फिकट आखणी करत. ट्रेसिंगवरून प्रत काढली की ती आपोआप नाहीशी होई. तसंच इथेही त्यांनी पिवळ्या पार्श्वभूमीवर खऱ्याच रेघा ओढल्या, केसाहून बारीक, फिकट राखाडी. पडद्यावर त्या दिसेनाशा झाल्या. लतिकाने सगळ्यांची भित्तिपत्रकं मोठ्या कागदावर छापून आणली, तेव्हा दौलतच्या पत्रकावर एकोणचाळीस रेघा स्वच्छ उमटलेल्या होत्या.

मॅथ्यूने मान तिरकी करून पाहिलं. "दौल्या, तुझ्या पोस्टरला मांजा अडकलाय रे. पतंग कुठे गेला?"

वर्ग खदखदून हसला. लतिकाने ओठ दाबून धरले. दौलतही हसले, कारण न हसणं अधिक वाईट दिसलं असतं. पण परतताना बसथांब्यावर मॅथ्यूने नेहमीप्रमाणे खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी पुढे केली, तेव्हा त्यांनी पित्ताचं निमित्त सांगितलं.

जानेवारीच्या अखेरीस मंडळाचा चिटणीस विनीत दौलतकडे आला. "काका, यंदा फलक प्लॅस्टिकचा नको, कापडाचा करतोय. बारा फूट बाय आठ फूट. तुम्ही शिकताय ना, मग डिझाइन द्या." दौलतचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात विनीत पुढे म्हणाला, "मॅथ्यूअंकलनाही सांगितलंय. दोन्ही आली की कमिटी एक निवडेल. ते आपले जुने चढाईपटूच ना, त्यांचाही मान आहे."

हे खरंच होतं. पंचविशीतला मॅथ्यू याच मंडळाकडून चढाया करी. पण खेळाचा मान मैदानावर द्यावा, फलकावर कशाला, असं दौलतच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

त्यांनी आठ दिवस खपून रचना केली. वर मंडळाचं नाव, खाली बोधचिन्ह, दोन्ही बाजूंना माजी अध्यक्षांची छायाचित्रं, मधे करंडक, त्याखाली बक्षिसं, तारीख, मैदान. अकरा गोष्टी, प्रत्येकीतलं अंतर समान. या वेळी एकही जादा रेघ नव्हती. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं.

रविवारी सकाळी मॅथ्यू आपला लॅपटॉप काखेत मारून त्यांच्याकडे आला. "बघ रे जरा. मापाबिपात मला काय कळतं? तू हो म्हणालास की पाठवून देतो."

दौलतनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

सगळा फलक गडद मातकट लाल, जवळजवळ रिकामा. डाव्या बाजूने एक उघडा पाय आत आलेला, पोटरी ताणलेली, टाच उचललेली. आणि अंगठा तळाच्या पांढऱ्या रेघेला जेमतेम टेकलेला. रेघ म्हणजे रेघ नव्हतीच. ती तारीख आणि मैदानाच्या नावाची एक लांबलचक, बारीक अक्षरांची ओळ होती, फलकाच्या अगदी खालच्या कडेला चिकटवलेली. वर उजवीकडे फक्त '५०'. बस्स. चढाईला गेलेला गडी रेघ गाठतो तो क्षण तिथे होता आणि श्वास रोखून धरावासा वाटत होता.

दौलतच्या पत्नी रखमाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कप हातातच राहिला. "अहो, मॅथ्यूभावजींचा पाय बघितलात? आता पुढे सरकतोय की काय!"

आठ दिवस घरात दौलतचा करंडक पडद्यावर होता. त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात दौलतच्या सरावलेल्या डोळ्यांना चूक दिसली. कापडी फलक लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. चारही बाजूंनी चार-चार इंच कापड मागे वळवून खिळे ठोकतात. मॅथ्यूने वळवायची जागा न धरता बरोबर बारा बाय आठचं पान घेतलं होतं. म्हणजे छापून आल्यावर चौकट तेवढी लहान करावी लागणार आणि खालचे चार इंच मागे जाणार. अक्षरांची ओळ जाईल, ओळीबरोबर अंगठाही जाईल. मैदानाच्या तोंडावर उरेल तो बोटं नसलेला एक पाय.

"काय रे, ठीक आहे ना?" मॅथ्यूने विचारलं.

दौलतनी कपातला चहा बशीत ओतला, एक घोट घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले.

"मापात?"

"बारा बाय आठ. मापात आहे."

मॅथ्यू खूश होऊन गेला. दौलतना वाटलं होतं की बरं वाटेल. थोडा वेळ वाटलंही. चौकात अर्धवट पाय लटकलेला, पोरं हसताहेत, 'मॅथ्यूअंकल, बोटं कुठे गेली?', आणि पुढच्या वर्षी विनीत मुकाट्याने घाडीगावकरांच्या दारात उभा. हे चित्र त्यांनी सोमवारभर पुन्हा पुन्हा पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर निवडलेली रचना आली. मॅथ्यूचीच. खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली. दौलतनी चष्मा पुसून चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. उजव्या खालच्या भागात, ओळीच्या जरा वर, मॅथ्यूने नंतर दोन बारीक ओळी घातल्या होत्या:

रचना: मॅथ्यू डिमेलो
तपासणी: दौलत घाडीगावकर

ड्रॉइंग ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. काढणाऱ्याचं नाव वर, तपासणाऱ्याचं खाली. काढणारा चुकला तर ते माणसाचं चुकणं मानलं जाई. तपासणाऱ्याच्या सहीखालून चूक गेली तर त्याने मान वर करायची नसे. एकोणीस वर्षं दौलतची सही त्या खालच्या ओळीवर होती, आणि कारखान्यातून एकही नकाशा परत आला नव्हता. टाइमकीपर असूनही मॅथ्यूला हे ठाऊक होतं. म्हणूनच त्याने ती ओळ घातली होती.

दौलत खुर्चीत बसून राहिले. मॅथ्यूसाठी त्यांना काहीच वाटत नव्हतं, निदान त्यांनी तशी स्वतःची समजूत घातली. वाटत होतं ते त्या दुसऱ्या ओळीसाठी.

मंगळवारी दहा वाजता ते लालबागच्या छपाईवाल्याकडे पोहोचले. मॅथ्यू आधीच तिथे होता, कापडाचा रंग बघत. यंत्रावर बसणारी प्रिती फाईल उघडत होती.

"छापू नका," दौलत म्हणाले. "खालचे चार इंच चौकटीमागे जातील. तारीखही जाईल आणि अंगठाही."

प्रितीने पाहिलं. "हो, जाईल. आम्ही येईल ते छापतो, काका."

"मग ओळ वर घेऊ या," मॅथ्यू घाईने म्हणाला.

"वर घेतलीस तर ती कड राहणार नाही, नुसती पट्टी होईल. हात लावू नकोस." दौलतनी खुर्ची ओढली. "पान वाढवायचं. चारही बाजूंना चार इंच, याच लाल रंगाचं, आणि डावीकडे पाय तुटका दिसू नये म्हणून पोटरी तेवढी मागे लांबवायची. वळेल ते हे जादा कापड. तुझं चित्र जसंच्या तसं समोर राहील."

प्रितीने तसं केलं. मॅथ्यू पडद्याकडे बघत होता. मग त्याने दौलतकडे पाहिलं.

"हे तुला रविवारी दिसलं नाही?"

यंत्राचा पंखा घरघरत होता. दौलतना 'नाही' म्हणता आलं असतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या नजरेवर कोणीही विश्वास ठेवला असता.

"दिसलं होतं."

"मग?"

"बोललो नाही."

"का रे?"

"चांगलं झालं होतं म्हणून," दौलत म्हणाले. "फार चांगलं झालं होतं."

मॅथ्यूने थट्टा केली नाही. खाली वाकून त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "प्रिती, ही 'तपासणी'ची ओळ काढ. माझीही काढ."

दोन्ही ओळी गेल्या. आपली सही पुसल्यासारखं दौलतना झोंबलं. पण डोळे पडद्यावरून हटेनात. तो भाग मोकळा झाला होता. लाल रंग सलग पसरला होता आणि पाय त्या विस्तारात एकटा पडून अधिक धीट दिसत होता.

"काढल्यावर बरं दिसतंय," ते म्हणाले. याबाबतीत त्यांना खोटं बोलवेना.

"मला माहीत होतं. अडचण होत होती त्या ओळींची." मॅथ्यूने चष्मा खिशात ठेवला. "तुझं नाव यावं म्हणून घातल्या होत्या."

यंत्र सुरू झालं. कापड इंचाइंचाने बाहेर येऊ लागलं. आधी जादा चार इंचांचा नुसता लाल, मग चित्र. दोघंही शेजारी उभे राहून बघत होते. अंगठा आला, पुरता आला, पांढऱ्या ओळीला टेकलेला.

"शनिवारी रंगसंगती आहे," मॅथ्यू दाराकडे वळत म्हणाला. "मी जाणार आहे. तुझं तू बघ."

त्याने थांबून वाट पाहिली नाही. दौलत दुकानाच्या पायरीवर आले तेव्हा तो रस्ता ओलांडून गेला होता. हाक मारावी असं त्यांना वाटलं. काय म्हणून मारावी ते सुचेना. शनिवारी वर्गात कुठे बसायचं, बोलायचं कसं, याचा विचार करत ते घराकडे चालू लागले, आणि नाक्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण वाटेतल्या दुकानांच्या पाट्या बघतोय, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग उठतो ते मनात टिपून घेतोय, मॅथ्यूच्या आधी.