पाच घरचं पीठ

"केसरअक्का, उद्या आत्या जोगवा मागाय येतील. परडीत ज्वारीचंच पीठ घाला. पाया पडते तुमच्या."

बबिता खरंच वाकली, तशी केसरबाईनं पाय मागे घेतले. ती बबिताची थोरली जाऊ; भिंतीला भिंत लागून, पण चूल वेगळी.

"देवीच्या परडीत ज्वारी घालू? लोक म्हणतील, केसरच्या घरी गव्हाचा दाणा न्हाई."

"आरोहीला सोसत न्हाई ना, अक्का."

"लईच थाटाचं पोट बाई तुझ्या पोरीचं! गहू न्हाई, दूध न्हाई. राजाच्या घरी जायची, चुकून म्हाळूच्या घरी आली." केसरबाई हसली. मग पदर सावरत म्हणाली, "बरं, घालते ज्वारी. जा आता."

बाकीच्या चार घरांनी आधीच हो म्हटलं होतं. हे पाचवं.

सहा वर्षांच्या आरोहीचं पोट घागरीसारखं फुगायचं आणि हातपाय तुराट्यांसारखे वाळत चालले होते. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गहू जन्मभर बंद. आतडी भरून येईपर्यंत दूधही नको. आणि घरात सगळ्यांचंच एक ठेवा, म्हणजे लेकरू एकटं पडत नाही. नवऱ्यानं, म्हाळूनं, तुळशीची माळ घातल्यापासून मटण-अंडं घरात नव्हतंच. आता पोळी गेली, दूधही गेलं. दावणीला शेरडं असताना म्हाळू काळा चहा प्यायला लागला. सणाला बाजरीची भाकरी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "सणाला भाकरी? कोण गेलं गं घरातलं?" बबिता ऐकून घ्यायची. पोरीच्या गालावर मांस धरायला लागलं होतं.

आत्या, म्हणजे सासू सारजाबाई, हिनंही पोळी सोडली होती, पण तिचा भरवसा दवाखान्यापेक्षा देवीवर. तिनं नवस बोलला होता: पोर धड होऊ दे, नवरात्रात पाच घरी जोगवा मागीन, आणि त्याच पिठाची भाकरी लेकराला चारीन. जोगव्याचं पीठ एकत्रच मळायचं. त्याची भाकरी घरच्यांनीच खायची. उंबऱ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही, जनावराला घालायचा नाही.

मंगळवारी सारजाबाई परडी भरून घेऊन आली. बबितानं हात जोडले, पीठ परातीत ओतलं, कढत पाणी घातलं आणि मळायला बसली. ज्वारीचं पीठ बोटाखाली तुटतं, त्याला सांभाळून घ्यावं लागतं. हे तुटेना. ओढलं तसं लांबलं.

तिचे हात थांबले.

"आत्या, ह्यात गहू हाय."

केसरबाई निवद बघायला दारात येऊन उभीच होती. "मूठभर घातला मी. देवीपुढं खोटं कशाला बोलू?"

"खोटं तर काल बोललात, अक्का."

"बबिता!" सारजाबाई कडाडली. "आज तरी जीभ आवर. परडीत आलं ते आईनं दिलेलं. तिच्या वरची का तू?"

देवीनं कधी गहू मागितला नव्हता, हे बबिताला ठाऊक होतं. तिनंही उपास धरले होते, दिवा कधी चुकवला नव्हता. पण हे म्हणायला त्या घरात जागा नव्हती. तिनं भाकरी थापल्या, भाजल्या.

"आरोहीच्या वाटणीचं मी खाते, आत्या."

"नवस लेकराचा. लेकरानंच खायाचं."

"दे गं," म्हाळू खाली बघत म्हणाला. "एका घासानं काय व्हतंय? म्हातारीनं पोळी सोडली ती कुणासाठी?"

आरोही आजीच्या मांडीवर बसली. घास ओठाशी आला तसं तिनं तोंड मिटून घेतलं आणि बबिताकडं पाहिलं.

"आई, हे मला चालतं का?"

सगळे बबिताकडं बघायला लागले. केसरबाई तर पुढं वाकून.

"चालतं," बबिता म्हणाली.

पोरीनं आ केला. सारजाबाईनं एक घास म्हणत म्हणत अर्धी भाकरी चारली. फुंकर घालून, मायेनं, तोंड पुसत.

दिवस कलताना आरोही पोट धरून गडबडा लोळायला लागली. ओकारी झाली, परकर भरला. बबितानं तिला धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. पोर रडत नव्हती. "आई, तू चालतं म्हणलीस ना?" एवढं एकदाच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

सारजाबाईनं कपाळाला हात लावून देवीला नमस्कार केला. "दुखणं भाएर पडतंय. आईनं ऐकलं माझं. उरलेल्या भाकरी झाकून ठेव बबिता, सकाळी चारू तिला."



बबिता उठली. टोपल्यात तीन भाकरी होत्या. टाकता येत नव्हत्या, शेरडांना घालता येत नव्हत्या. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, चुलीपुढं मांडी घातली आणि खायला लागली. भूक नव्हती. पहिली संपली, दुसरी घेतली. घशात तोठरा बसला की पाण्यानं उतरवायची आणि पुढचा तुकडा मोडायची. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसरीला पोटातून उमळून आलं. तिनं तोंडावर पदर दाबला, आलेलं गिळलं आणि पुन्हा घास घेतला.

सारजाबाई बघत होती. तिचा चेहरा निवळला.

"हळू खा गं, ठसका लागंल. बघ म्हाळू, आता कशी श्रद्धा बसली तिची."

बबिताच्या तोंडात घास होता. तिनं नुसती मान हलवली.