चौदावा दगड

"काका, याचं वय किती असेल, सांगा बघू," संशोधक बाईंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "तीन हजार वर्षं. कमीत कमी."

मी मान हलवली. तो माझ्या बायकोचा धुण्याचा दगड होता.

डोंगराच्या उतारावर गुडघाभर उंचीच्या चौदा दगडांचं रिंगण आहे. मधोमध कोणा जुन्या काळच्या माणसाला पुरलेलं. मी तिथला पहारेकरी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, की आतला माणूस नऊ फुटी होता, मावेना म्हणून मुडपून बसवला. आणि थंडी वाढली की हे दगड वीतभर आत सरकतात. असल्या थापांचा वेगळा पगार मिळत नाही, त्या मी हौसेनं मारतो.

खरी गोष्ट एवढीच. बावीस वर्षांपूर्वी एक दगड तडकला, त्याचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी साहेब मोजायला येणार होते. तेरा भरले असते, तर माझी नोकरी गेली असती. बायको म्हणाली, "माझा न्या. मोजताना उंची कोण बघतंय?" आम्ही दोघांनी तो ढकलगाडीवरून वर नेला, उभा गाडला. पुढं ती फरशीवरच धुणं आपटत राहिली आणि दर धुण्याला ऐकवत राहिली, "तुमच्या त्या मढ्याला दगड आणि मला फरशी."

तीन आठवड्यांपूर्वी ती गेली. मला रडू आलं नाही. जेवण जातं, झोप लागते. एवढंच वाटतं, की तो दगड घरी न्यावा. त्यावर धुणार कोण, ते विचारू नका.

बाई दगडाच्या खोलगट भागावरून बोट फिरवत होत्या. "किती गुळगुळीत. पिढ्यान् पिढ्या इथं काहीतरी घासलंय. बाकीच्या तेरांवर असं काही नाही. हा विधीचा दगड. आजच संग्रहालयात नेतोय."

"बाई, तिथं चादरी घासल्यात. माझ्या बायकोनं."

गाडीचा ड्रायव्हर फिसकन हसला. "मागच्या खेपेला मला म्हणालात, आत पुरलाय तो तुमचा चुलता."

"ती थाप होती. हे खरं आहे."

"तुमची कीर्ती आमच्या कचेरीपर्यंत पोचलीय, काका," बाई म्हणाल्या.

पुरावा होता. तडकलेल्या दगडाचे तुकडे मीच झुडपांमागं टाकले होते, वीस पावलांवर. दाखवले असते, की दगड माझा. मी उठलोही.

तोवर बाईंनी पेटीत जाड कापूस अंथरला होता. ड्रायव्हरनं पहारीनं उपटलेला दगड त्यात आडवा ठेवून त्या खोलगट भागात बोटांनी कापूस भरत होत्या, कुठं दुखेल की काय अशा बेतानं. इथं आणण्याआधी एकोणीस वर्षं माझे सदरे तिथं घासले गेले. तिची बोटं हिवाळ्यात फुटायची, त्यांना मी कधी तेल लावलं नाही.

"काका, जरा दाबून धरता?"

मी बसलो. दोन्ही तळवे कापसावर ठेवले. बाईंनी दोरी आवळली, एक गाठ मारली, मग दुसरी.

"झालं. सोडा आता."

"मारा अजून एक," मी म्हणालो.